नमस्कार जुळतो का?

(गणेशोत्सवातील ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात, मंडळाच्या सकाळच्या व्यायामवर्गातर्फे केलेले भाषण)



गणरायाला वंदन करून सुरुवात करतो, आणि आपणा सर्वांनाही तेच करायची विनंती करतो. चहाचे कप खाली ठेवा. दोन्ही हात छातीपाशी आणून नमस्कार करा. तळव्याला तळवा आणि बोटाला बोट, अगदी पेरापर्यंत टेकवा. कोपरे थोडी वर उचला. आता शेजारी बसलेल्यांच्या हातांकडे बाजूने पाहा. बोटांच्या मधून उजेड दिसतो का? विशेषतः करंगळ्या एकमेकींना पूर्ण टेकतात का?

ज्यांच्या टेकतात त्यांनी हात खाली घ्यावेत. ज्यांच्या टेकत नाहीत त्यांनीही घ्यावेत, पण मनात नोंद ठेवावी. आजचे आमचे सगळे बोलणे त्या फटीविषयी आहे.

आम्ही म्हणजे कोण, ते बहुतेकांना ठाऊक आहे. फ्रीगंजात टॉवरच्या आसपास राहणारी, साठी-सत्तरीतली आम्ही चौदा-पंधरा माणसे. रोज सकाळी मंडळाच्या सभागृहात जमतो, हातपाय हलवतो आणि मग पोहे-जिलबी खाऊन केलेल्या व्यायामाची भरपाई करतो. आमच्यात एक निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ आहेत आणि एका सभासदांची सून फिजिओथेरपिस्ट आहे. शास्त्रातले जे आज सांगू ते त्यांच्याकडून तपासून घेतलेले आहे. बाकीचे आमच्या स्वतःच्या गुडघ्या-खांद्यांनी शिकवलेले आहे.

हा विषय का निवडला, ते आधी सांगतो. आमच्यात एक काका आहेत. त्यांच्या संमतीने सांगतो आहोत, ते समोरच बसले आहेत. वर्षानुवर्षे ते आरतीला पुढे उभे राहत. काही वर्षांपूर्वी आमच्या लक्षात आले की मंत्रपुष्पांजलीच्या वेळी त्यांचे हात नीट जुळत नाहीत, मध्ये पोकळी राहते. आमच्यातल्याच कुणीतरी म्हटले, “काका, हातात मोदक लपवलाय का?” सगळे हसले, काकाही हसले. हाताला वेदना नव्हती, त्यामुळे कुणाला काही वाटले नाही.

पुढच्या वर्षी त्यांचा डावा खांदा धरला. सदऱ्याच्या बाहीत हात जाईना, रात्री कुशीवर झोपवेना. शीर दबली असेल म्हणून कुणीतरी हात ओढून झटका दिला आणि दुखणे दुप्पट झाले. शेवटी एका डॉक्टरांनी खांदा पाहण्याआधी रक्त तपासायला सांगितले. साखर भरपूर वाढलेली निघाली, आणि ती बरीच वर्षे तशी असावी असे त्यांचे म्हणणे पडले. हातांतली फट हीच त्याची खूण होती. ती आम्ही सर्वांनी पाहिली होती आणि तिच्यावर विनोद केला होता. ते हसणे आम्हाला अजून टोचते, म्हणून आज हे भाषण.

आता ही फट पडते कशामुळे, ते पाहू. नागपूरचे संत्रे सोला. साल काढली की खाली पांढरे तंतू, मग प्रत्येक फोडीवर पातळ आवरण, आणि फोड उघडली तर आतल्या प्रत्येक रसाच्या कणालाही आपली पिशवी. सगळा रस काढून घेतला तरी ही आवरणे संत्र्याचा आकार धरून ठेवतात. आपल्या शरीरातही अशीच व्यवस्था आहे. कातडीखाली, प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूच्या आतल्या धाग्यांभोवतीही पांढरी, चिवट आवरणे आहेत. त्यांना फॅसिया म्हणतात. हाडाला हाड बांधणारे ते अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडणारी ती कंडरा, आणि सांध्याला पिशवीसारखे वेढणारे ते सांध्याचे आवरण. शाळेच्या पुस्तकात या सगळ्या कुटुंबाला ‘संयोजी ऊती’ म्हणतात. आपण साध्या भाषेत ‘शरीराचे दोर आणि पडदे’ म्हणू.

वैद्यकाने बराच काळ या पडद्यांना फारसे मोजले नाही. शवविच्छेदन करताना स्नायू दिसावा म्हणून ते कापून बाजूला टाकले जात. केवळ फॅसियावर भरलेली पहिली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद अमेरिकेत बोस्टनला झाली, तीही 2007 साली. पण आपल्याकडे सुश्रुतांनी या दोरांची थोरवी फार पूर्वी ओळखली होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नऊशे ‘स्नायू’ सांगितले आहेत. इथे एक घोटाळा टाळायला हवा. आज आपण मराठीत स्नायू म्हणजे मांसाचा गोळा, दंड फुगवल्यावर दिसतो तो, असे समजतो. सुश्रुतांच्या भाषेत त्याला ‘पेशी’ म्हणतात, आणि त्यांचा ‘स्नायू’ म्हणजे हे बांधणारे दोर. त्यांनी दिलेला दाखला उज्जैनच्या माणसाला सहज समजेल. रामघाटावरची नाव आठवा. नुसत्या फळ्या पाण्यात टाकल्या तर वाहून जातील. त्याच फळ्या बंधनांनी घट्ट बांधल्या की माणसांचा भार वाहतात. शरीरही तसेच दोरांनी बांधलेले आहे म्हणून भार सोसते, असे सुश्रुत सांगतात. हाड, पेशी, शीर किंवा सांधा यांना झालेल्या इजेपेक्षा स्नायूला झालेली इजा माणसाला अधिक अपाय करते, असेही त्यांनी बजावले आहे. ज्यांची टाचेमागची कंडरा कधी तुटली असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको.

हा दोर कशाचा बनलेला असतो? कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश हेच आहे. त्याची वीण कशी असते हे शोधण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. 1954 साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी दाखवून दिले की कोलॅजनमध्ये तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून गुंफलेल्या असतात. म्हणजे चक्क तिपेडी दोर! आपले आजोबा विहिरीचा दोर वळताना जे करत, तेच निसर्गाने रेणूच्या पातळीवर केले आहे.

हा पीळ घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागते. ते आहारात फार दिवस नसले की दोर कच्चे पडतात, हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमा उघडतात. लांबच्या सफरीवर जाणाऱ्या खलाशांना होणारा स्कर्व्ही तो हाच. 1747 साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टराने संत्री-लिंबे देऊन तो बरा करून दाखवला. आपल्याकडे आवळा, पेरू आणि लिंबू स्वस्त आहेत. पानात डावीकडे वाढलेली लिंबाची फोड शोभेची नाही, ती पिळून घ्या.

दोर बिघडतात मुख्यतः दोन कारणांनी. एक साखर आणि दुसरे न हलणे.

साखरेचे आधी सांगतो. सुताचा दोरा साखरेच्या पाकात बुडवून वाळत टाका. दुसऱ्या दिवशी तो काडीसारखा ताठ होतो. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की तिचे रेणू कोलॅजनच्या तंतूंना चिकटतात, तंतूंमध्ये आडवे टाके घालतात आणि दोर ताठर होतो. मधुमेहींची ‘तीन महिन्यांची साखर’ तपासतात ती याच तत्त्वावर. रक्तातल्या तांबड्या पेशींना किती साखर चिकटली ते त्यात मोजतात. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून तिच्यावरचा साखरेचा डाग तिच्याबरोबर पुसला जातो. कोलॅजन मात्र वर्षानुवर्षे तेच राहते, आणि सांध्यातल्या कूर्चेतले तर जवळजवळ जन्मभर. म्हणून त्याच्यावरचा डाग सहजी जात नाही. हाताच्या कातडीतले आणि कंडरांच्या आवरणातले कोलॅजन असे जाड आणि ताठ झाले की बोटे पूर्ण सरळ होत नाहीत. सुरुवात बहुधा करंगळीपासून होते, आणि वेदना नसते. डॉक्टर मंडळींत या खुणेला नावच ‘प्रार्थनेची खूण’ असे आहे. अवघडलेला खांदाही मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळतो.

हात न जुळणारा प्रत्येक जण मधुमेही असतोच असे नाही. जुनी इजा, संधिवात, आयुष्यभर केलेले जड काम, अशीही कारणे असतात. पण फट दिसली तर रक्त तपासून घ्या, एवढेच आमचे मागणे आहे. ही परीक्षा फुकट आहे आणि आपण दिवसातून दोनदा आरतीला ती देतोच.

दुसरे कारण न हलणे. कोपराचे प्लास्टर सहा आठवड्यांनी काढल्यावर हात सरळ होत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हाड जुळलेले असते, पण न वापरलेले दोर आखडलेले असतात. निरोगी शरीरात पडद्यावरून पडदा सरकतो, मध्ये एक बुळबुळीत रस वंगणासारखे काम करतो. हालचाल थांबली की हा रस दाटतो, पडदे एकमेकांना धरून बसतात. रक्तपुरवठाही दोरांना कमी, म्हणून तर ते पांढरे दिसतात. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, दोराला महिने लागतात. एखाद्याने सगळे वर्ष खुर्चीत काढले आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळला, तर स्नायू साथ देतो आणि दोर दगा देतो. गणपतीनंतर आमच्या डॉक्टरांकडे टाच आणि गुडघा धरून येणारी गर्दी याच प्रकारची असे.

इथे आपण आपल्या घरांकडे पाहायला हवे. आपल्या पूर्वजांपैकी कुणी शिंद्यांच्या चाकरीत या भागात आले, कुणी पुढे शाळा, रेल्वे किंवा कचेरीच्या नोकरीने. आम्हाला आठवते त्या जुन्या घरांत जमिनीवरचे जगणे होते. पाटावर जेवण, खाली बसून भाजी चिरणे, पाट्यावर वाटणे, अंगण सारवणे, उकिडवे बसून कपडे धुणे. मंगळागौरीला फुगडी आणि झिम्मा. देवापुढे लोटांगण. दिवसातून तीस-चाळीस वेळा माणूस जमिनीवर बसे आणि उठे. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हते, पण घोटा, गुडघा, खुबा, कंबर सगळे रोज पूर्ण हलत होते. त्या काळात सगळे चांगले होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमच्या आयांच्या कमरा त्याच कष्टांनी मोडल्या. ओटा आला, कमोड आला, डायनिंग टेबल आले, हे बरेच झाले. पण कष्ट गेले त्यांच्याबरोबर हालचालही गेली, आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवले नाही. आपल्याच मंडळाचे पाहा. पूर्वी आरतीनंतर महाप्रसादाला सतरंज्यांवर पंगत बसे. आता खुर्च्या कमी पडतात, आणि खुर्ची मागणाऱ्यांत चाळिशीचेही लोक असतात.

याच उज्जैनात दोर जपण्याची आणि घडवण्याची एक मोठी परंपरा जिवंत आहे. मल्लखांबाविषयी बोलतो आहोत. बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. पुढे ही विद्या मागे पडली आणि दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तिला नवा जन्म दिला. माकडांच्या झाडावरच्या हालचाली पाहून त्यांना ती सुचली, अशी कथा सांगतात. पेशवाई गेल्यावर बाजीराव ब्रह्मावर्ताला आले आणि ही विद्या उत्तरेत पसरली. उज्जैनच्या आखाड्यांनी तिला घर दिले. 1981 साली पहिली अखिल भारतीय मल्लखांब स्पर्धा आपल्या याच गावात झाली, तिच्यामागे डॉ. बमशंकर जोशी यांचे परिश्रम होते. 2013 साली मध्यप्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपल्या घरातली किती मुले आखाड्यात जातात, हा प्रश्न मात्र आम्ही आमच्यापुरता विचारला आणि उत्तर शून्य आले.

मल्लखांब शिकवणारे वस्ताद काय करतात ते नीट पाहिले तर दोरांचे सगळे शास्त्र त्यात दिसते. मुलाला पहिल्या दिवशी वर चढवत नाहीत. आधी अंग तापवतात, मग साधी पकड, साधी अढी. खांबाला एरंडेल लावतात, हात-पाय घासले जाऊ नयेत म्हणून. मग स्वतःच्याच शरीराचा भार, थोडा थोडा, वेगवेगळ्या कोनांतून. वर्षभर तेच, पुन्हा पुन्हा. घाई नाही. ताण हवा, पण तो सावकाश वाढणारा हवा, आणि मध्ये विसावा हवा. दोराला कळणारी भाषा एवढीच आहे.

आणि हे बालपणीच का करायचे, याचे एक विलक्षण उत्तर 2013 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी दिले. 1950 आणि 60च्या दशकांत जगात अणुचाचण्या झाल्या, तेव्हा हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि पुढे हळूहळू उतरला. त्या काळात शरीराचा जो भाग घडला त्यात त्या कार्बनची खूण राहिली. या खुणेवरून त्यांनी टाचेमागच्या कंडरेचे वय काढले. निघाले असे, की कंडरेचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर तो जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे आम्ही आज सत्तराव्या वर्षी ज्या दोराच्या जोरावर चालतो, तो शाळेत असताना वळला गेला होता. खो-खो, लंगडी, झाडावर चढणे, सूर्यनमस्कार यांनी तो वळला. आपल्या नातवंडांचा दोर आज, या वर्षी, वळला जातो आहे, आणि ती बैठकीच्या सोफ्यावर मोबाईल घेऊन बसली आहेत.

मग आपण म्हाताऱ्यांनी काय, आशा सोडायची? मुळीच नाही. गाभा जुना असला तरी दोराची ताकद आणि सरक कोणत्याही वयात सुधारते, फक्त सावकाश. आमच्या वर्गात आम्ही काय करतो ते सांगतो. त्यात नवे काही नाही.

पहिले, अंथरुणातून उठण्याआधी. पाय खाली टेकण्यापूर्वी दोन्ही घोटे दहा-दहा वेळा फिरवायचे आणि पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून धरायची. सकाळचे पहिले पाऊल टाकताना ज्यांच्या टाचेत कळ येते त्यांच्यासाठी हे विशेष. तळपायाखालचा पडदा रात्रभर आखडलेला असतो, त्याला आधी जागे करायचे.

दुसरे, टाचा उचलणे. भिंतीला हात लावून दोन्ही टाचा सावकाश वर, तीन आकडे मोजत, आणि तितक्याच सावकाश खाली. दहा वेळा, एक दिवसाआड. एक दिवसाआड अशासाठी, की दोरावर ताण पडला की पुढचा दिवस-दोन दिवस शरीर त्याची डागडुजी करत असते. ती होऊ द्यावी.

तिसरे, भिंतीवर बोटे चढवणे. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढायचे, जिथे ताण जाणवेल तिथे थांबून दोन-तीन श्वास घ्यायचे आणि उतरायचे. पेन्सिलीने खूण करून ठेवा. महिन्याने खूण दोन बोटे वर गेली तर दिवाळी समजा. काकांच्या घराच्या भिंतीवर अशा खुणांची शिडी तयार झाली आहे.

चौथे, जमिनीवर बसणे आणि उठणे. एकदम नाही. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचे. ते जमले की स्टूल, मग चौरंग, मग पाट आणि शेवटी सतरंजी. जवळ भिंत किंवा माणूस हवे. ज्यांचे गुडघे किंवा खुबे बदललेले आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच किती खाली जायचे ते ठरवावे. शाळेत उठाबशा ही आपल्याला शिक्षा होती. दक्षिणेत भाविक पिळ्ळैयार गणपतीसमोर कान धरून उठाबशा काढतात, तो त्यांचा नमस्कारच असतो. आपणही शिक्षेची पूजा करून टाकू.

पाचवे, सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यांचा देशभर प्रचार केला. पाठीचा, मांड्यांमागचा, पोटऱ्यांचा पडदा एका सलग ओळीत ताणणारा आणि सोडणारा दुसरा इतका आटोपशीर व्यायाम आम्हाला माहीत नाही. पण बाराच्या संख्येचा हट्ट नको. दोन घाला, पण सावकाश. ज्यांना खाली वाकवत नाही त्यांनी खुर्चीला धरून अर्धे घालावेत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोरी, ठोकळे, पट्टे आणि खुर्ची वापरून अवघडलेल्या माणसांनाही आसने शिकवली. आधार घेण्यात कमीपणा नाही.

आहाराचे दोन शब्द. दोर वळायला कच्चा माल लागतो, म्हणून रोज डाळ, उसळ, दही, दूध, खात असाल तर अंडी. सोबत आवळा-लिंबू. कोलॅजनच्या पावडरी आता दुकानांत मांडलेल्या असतात. त्या पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारख्याच पचून सुट्या होतात, थेट गुडघ्यात जाऊन बसत नाहीत. महागडा डबा घेण्याआधी पानातली वाटीभर डाळ पुरी खातो का, ते पाहा. तंबाखू आणि सिगारेट दोरांचा आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी कमी करतात. अभ्यंगाने अंग ऊबदार होते, हात फिरल्याने बरे वाटते, ते जरूर करा. फक्त तेल कंडरेपर्यंत मुरते अशी समजूत नको.

सावध कधी व्हायचे, तेही सांगायला हवे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आधीपेक्षा वाढलेले असेल, तर प्रमाण निम्म्यावर आणा. टाचेमागे चाबूक बसल्यासारखा फटका जाणवून चालता येईनासे झाले, सांधा लाल होऊन सुजला, ताप आला, रात्री दुखण्याने जाग येऊ लागली, हातापायांत बधिरपणा किंवा कमजोरी आली, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त वेळ अनेक सांध्यांत राहिला, तर डॉक्टरांकडे जा. काही प्रतिजैविक औषधांनीही कंडरा कमजोर होऊ शकते, म्हणून औषध चालू असताना टाच दुखू लागली तर डॉक्टरांच्या कानावर घाला. झटका देऊन सांधा ‘बसवणाऱ्यां’कडे जाऊ नका. आणि ज्यांचे सांधे जन्मतःच सैल आहेत, अंगठा मनगटाला टेकतो, त्यांनी आणखी ताणत बसू नये. त्यांना ताकद हवी. दोर फार ताठ नको तसा फार सैलही नको.

काकांचे काय झाले, हे आपण विचाराल. साखर आटोक्यात आली. खांद्याला सव्वा वर्ष लागले. मधले काही महिने असे गेले की ते म्हणत, “सोडा आता, हात एवढाच उचलायचा म्हणून देवाने ठरवले असेल.” आम्ही सोडले नाही, खरे तर त्यांच्या घरच्यांनी सोडले नाही. आज त्यांचा हात कानाला लागतो. बोटांमधली फट मात्र पूर्ण गेलेली नाही, आणि ती जाणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. वेळीच पाहिली असती तर कदाचित इतकी वाढली नसती. काल आरतीला ते पुन्हा पुढे उभे होते. ताम्हन त्यांच्या हातात होते आणि ते चांगले उंच गेले.

कार्यकारिणीपुढे आमच्या दोन विनंत्या ठेवून थांबतो. एक, यंदाच्या महाप्रसादाला खुर्च्या राहू द्याव्यात, पण एका बाजूला सतरंज्यांची एक पंगतही मांडावी. ज्यांना बसवते ते बसतील, ज्यांना उठवत नाही त्यांना आम्ही हात देऊ. दुसरी, दिवाळीच्या सुट्टीत मंडळातली मुले एखाद्या आखाड्यात न्यावीत. नुसते पाहायला, फोटो काढायला नाही, तर खांबाला हात लावायला. ने-आण करायची जबाबदारी आम्ही म्हातारे घेतो.

आणि आज संध्याकाळच्या आरतीला शेजारच्या माणसाच्या हातांकडे एकदा पाहा. फट दिसली तर हसू नका. आरती झाली की त्याला बाजूला घ्या आणि विचारा, “साखर कधी तपासली होती?”

गणपती बाप्पा मोरया!